बसला म्हण

दादा,
तुझा फोन लागत नाहीये. बाबांना घेऊन चौकातल्या दवाखान्यात निघालेय. त्यांची फाइल घेऊन तडक ये.

सकाळी ते जुना प्रोसेसर दुसऱ्या मदरबोर्डवर बसवत होते. तीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले, आपल्याला बजावलं, "अलगद ठेवायचा, दाबायचा नाही." आज स्वतःच दाबून सगळ्या पिना वाकवल्या. वर म्हणतात, "मी कुठे दाबला?" अंगठ्यातून रक्त येत होतं, त्यांना पत्ताच नाही.

बोर्डाच्या कंपनीच्या यादीत पाहिलं, तो प्रोसेसर या बोर्डाला चालतच नाही. पण जड जिभेने त्यांचं एकच चाललंय, "बसला का?"

तू आल्या आल्या "बसला" म्हण. मी म्हणायला गेले तर रडेन.