डब्याले पाडलेली भोकं

सक्करदरा, नागपूर
दि. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. प्रियदर्शनी,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे आणि तोंडही होतं तसंच आहे. थंडी गेली. तुझं बंगलोरचं ट्रेनिंग चालू असेलच. एवढी शिकलेली बाई, आणि मुंग्यांवर चार महिन्यांचं ट्रेनिंग घेऊन राहिली! घेणाऱ्यालेही काम नाही आणि देणाऱ्यालेही नाही.

फोन सोडून पत्र काहून, असं तुले वाटलं असेल. फोनवर तू पहिलंच विचारते, "बाबा, माझ्या मुंग्या कशा आहेत?" मी म्हणतो, आवाज तुटून राहिला, अन् फोन आईजवळ देतो. दोनदा झालं असं. पत्रात मले मधात कोणी टोकत नाही.

तर सांगतो. पण माझ्या क्रमानं सांगतो.

मुंग्यांचा डबा माझ्याजवळ ठेवून जाताना तू म्हटलं होतं, महिनाभरात त्यांले जागा कमी पडेल, दुसरा डबा नळीनं जोडा, झाकणाले भोकं पाडा, भोक मुंगीच्या डोक्याहून बारीक ठेवा. वा रे वा! आपण तिघांनी दोन खोल्यांत जन्म काढला, आणि या चाळीस-पन्नास बयांले दुसरा फ्लॅट पाहिजे. आणि ती राणी! कायची राणी? दिवसभर पडून राहते, दुसऱ्यांनी भरवलेलं गिळते, अंडी घालते. अशा राण्या आपल्या नात्यात का कमी आहेत? त्यांच्यासाठी तर कोणी डबा नाही केला.

शेजारच्या भूपेशनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक दाढीवाला बाप्या "हॅलो दोस्तो" करत मशीननं प्लास्टिकच्या डब्याले भोकं पाडून राहिला होता. भोकं कमी, बडबड जास्त. भूपेश म्हणते, "काकाजी, ड्रिल आणून देऊ का?" मी म्हटलं, "ठेव गा तुझं ड्रिल. चाळीस वर्षं माग चालवला मी. एका भोकासाठी मशीन लागते काय मले?"

श्रीखंडाचा डबा घेतला आणि झाकणावर आरी ठोकली. झाकण टचकन तडकलं. दुसरं घेतलं, तेही तडकलं. आजकालचं प्लास्टिक म्हणजे आजकालच्या माणसांसारखं, नुसता हात लावला की फुटते. तिसऱ्या झाकणाच्या वेळी तुझी आई म्हणाली, "अजी, बुंदीच्या झाऱ्यावर बसवा ना त्यांले. भोकं तयारच आहेत." मी तिच्याकडं पाहिलंही नाही.

मग सुई पक्कडीत धरली, गॅसवर लाल केली आणि टेकवली. अलगद गेली. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला, तुझी आई खिडक्या उघडत फिरली. आतून जी धार वर आली होती ती ब्लेडनं घासून काढली, त्यांचे पाय चिरले नाही पाहिजे म्हणून. हसू नको. चोवीस भोकं, सहाच्या चार ओळी. मागाच्या फणीतून सूत जाते तेवढं एकेक भोक. एक ओळ वाकडी नाही. त्या दाढीवाल्यानं येऊन पाहावं.

आता, तू म्हटलं होतं तेवढी बारीक ती नव्हती. माझी नजर गेली आहे, हे काही मी त्या भूपेशसमोर सांगणार नव्हतो. म्हणून भोकांवर फडकं चिकटवायचं ठरवलं. मागावरून उतरलेल्या माझ्या शेवटल्या लुगड्याचा तुकडा होता, तोच कापला. भूपेश गोंदाची बाटली घेऊन आला. बाटलीतला गोंद! मी तांदळाची खळ शिजवली, फडक्याले दिली, आणि खळीनंच ते झाकणावर चिकटवलं. कसं ताठ बसलं म्हणून सांगू! मग तो डबा नळीनं तुझ्या डब्याले जोडून दिला. तुझी आई म्हणाली, "छान झालं." वीस वर्षांत तिनं माझ्या कामाले छान म्हटलं नव्हतं.

आता पुढचं.

मागावर ताणलेल्या उभ्या सुताले, ताण्याले, खळ दिली की त्यावर मुंग्या येतात. माझी माय ताण्याखाली राखेची रेघ ओढत होती. मी स्वतः चाळीस वर्षं मुंग्यांपासून खळीचं सूत राखलं. साऱ्या नागपुरात हे माझ्याहून जास्त कोणाले माहीत आहे? आणि मीच, अक्कल गहाण ठेवलेला म्हातारा, मुंग्यांच्या घराच्या छपराले खळ फासून मोकळा झालो. हाताले सवय. कापड दिसलं की खळ.

मंगळवारी सकाळी चहाचा कप घेऊन पाहाले गेलो. खिडकीपासून डब्यापर्यंत बारीक लाल मुंग्यांची रांग लागली होती. खळ खाल्ली त्यांनी. फडकं एका बाजूनं सुटलं, आणि माझ्या त्या सरळ ओळीतल्या भोकांतून आत गेल्या. दोन्ही डब्यांत तुझ्या काळ्या मुंग्या पडलेल्या होत्या. सात-आठ राणीभोवती होत्या, तिथंच मेलेल्या. राणीही मेली. मी लाल मुंग्या बोटानं चिरडत बसलो. चहा थंड झाला. त्यानं काय होणार होतं, पण बसलो.

तुझी आई म्हणते, "तिले सांगून टाका, आपोआप मेल्या."

हेच मी तुले एकदा सांगितलं होतं. तू सहावीत होती. तुझ्या बरणीतल्या मुंग्या एका लग्नाच्या लुगड्याच्या ताण्यावर चढल्या, आणि मी बरणीत रॉकेल ओतलं. तू शाळेतून आली तेव्हा म्हटलं, "मेल्या आपोआप." तू बरणी नाकाले लावली आणि माझ्याकडं पाहिलं. त्यानंतर एकवीस वर्षं तू माझ्यासमोर मुंगीचं नाव घेतलं नाही. आणि या दिवाळीले एकदम डबा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "अन् मी फेकून दिला तर?" तू म्हणाली, "नाही फेकणार तुम्ही."

तेव्हाचं खोटं तू एका मिनिटात ओळखलं. आताचं खरं तुले कसं पटवू, हाच घोर लागला आहे मले. बाकी मुंग्या मेल्या त्याचं मले काही वाटत नाही. हेही खोटंच लिहिलं. खोडत नाही, राहू दे. फार वाटते, बाई.

पाकिटात ते फडकं ठेवलं आहे, कुरतडलेलं, जसं होतं तसं. नाकाले लावून पाह. खळीचा आंबूस वास येईल. रॉकेलचा येणार नाही.

तुझा बाप,
जागेश्वर