सतरा कोयता पाच

गुरुजी, तुम्ही जाऊन तीस वर्षं होत आली आणि तुमच्याशी बोलायचं मला आज सुचतंय, यातच माझी लायकी कळते. बहात्तरच्या दुष्काळात, मिरजगावजवळच्या आपल्या शाळेत, रांजण भरायच्या पाळ्या लावायला तुम्ही फळ्यावर एक चिन्ह काढलंत. कोयत्यासारखं वाकडं. तारखेला पाचाने भागायचं आणि बाकी तेवढी ठेवायची. सतरा तारीख असली की सतरा कोयता पाच, उरले दोन. दुसऱ्या गटाने पाणी आणायचं. बाकी शून्य आली की घागर घेऊन विहिरीवर तुम्ही जायचं. आम्ही सातवीची पोरं त्या शून्याची वाटच बघायचो. एकदा मी विचारलं, "गुरुजी, सतरा अधिक तीन कोयता पाच, यात आधी काय करायचं?" आधी कोयता चालवला तर तिनाचे तीनच उरतात आणि उत्तर वीस, आधी बेरीज केली तर शून्य. वर्गात नुसता कालवा चाललाय आणि तुम्ही खडू धरून उभे आहात. "खरंच की, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई." दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणालात, "चिन्ह आपण काढलं, तर नियमबी आपणच सांगाया पायजे. कोयता आधी."

मग तपासणीला साहेब आले. फळ्यावर कोयता होता. साहेबांनी मला उभं करून विचारलं, हे काय आहे, आणि मी म्हणाले, "हे पुस्तकात न्हाई, साहेब. गुरुजींनी मनानंच काढलंय." त्यांनी तुम्हाला आमच्यादेखत झापलं. डस्टर शेजारी असताना तुम्ही फळा हातानेच पुसलात. नंतर मला एवढंच म्हणालात, "खोटं न्हाई बोललीस." त्यापेक्षा छडी परवडली असती. कोयता पुन्हा फळ्यावर आला नाही.

पुढे पुण्यात मी संगणकाची भाषा बनवणाऱ्यांत काम केलं. आमच्या भाषेत कुणालाही स्वतःचं चिन्ह करता येतं; फक्त ते आधी चालवायचं की नंतर, हे करणाऱ्यानेच सांगायचं, असा नियम मी घातला. लोक वाहवा करतात, कुठून सुचलं विचारतात. मी म्हणते, काम करता करता सुचलं. दर वेळी कानशिलं तापतात, आणि तरी पुढच्या वेळी तेच म्हणते. मला माझी फार लाज वाटते, गुरुजी.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते बरंच आहे, कारण वर एक गोष्ट मी सावरून लिहिली आहे. साहेबांनी मला उभं केलं नव्हतं. त्यांचं फळ्याकडे लक्षसुद्धा नव्हतं. मीच हात वर केला होता.