गावचं आमसूल

मिस, काल घर आवरताना तुम्ही दिलेली कादंबरी सापडली. बारा-तेरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि एक गोष्ट सांगायची राहिलीच आहे.

मस्कतला वादी कबीरच्या शाळेत तुम्ही आम्हाला अरबी शिकवायचात. एप्रिल लागला की आम्हा रुवी भागातल्या पोरींना एकच विषय, भारताची तिकिटं झाली का? त्याच भरात मी भर वर्गात विचारलं, "मिस, तुम्ही सुट्टीत घरी कधी जाणार?" तुम्ही पुसलेलाच फळा पुन्हा पुसलात. मग म्हणालात, "माझं गाव पॅलेस्टाइनमध्ये. आई लहानपणी तिथून निघाली, ती निघालीच. मी ते पाहिलेलंही नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ही कादंबरी दिलीत, तुमच्याकडच्याच एका बाईनं इंग्रजीत लिहिलेली. तिच्यातली मुलगी अमेरिकेत वाढते. घरात आईसारखं आणि बाहेर मैत्रिणींसारखं वागता वागता तिची पार दमछाक होते. "हिच्यात थोडी मी आहे, थोडी तूही," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, मी कशाला? मला गाव आहे की, रत्नागिरीजवळ, दरवर्षी जाते! "मग मला तिथलं काहीतरी आण. तुमच्या झाडाचं."

गावी गेले तेव्हा काकूनं दारच्या रातांब्याची आमसुलं बरणीत भरून ठेवली होती. पण चुलत बहिणी "आली मस्कतची पाव्हणी" म्हणून चिडवायच्या, माझ्या मराठीला हसायच्या, आणि मी रुसून माडीवर कादंबरी वाचत बसायची, परतायचे दिवस मोजत. मस्कतला मी गावची, गावात मस्कतची. शेवटी त्या मुलीसाठी रडले की स्वतःसाठी, कोण जाणे. बरणी तिथेच राहिली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आठवलं. रुवीच्या दुकानातून आमसुलाचं पाकीट आणलं, आईच्या जुन्या डब्यात ओतलं आणि पाकीट फेकून दिलं. तुम्ही डोळे मिटून वास घेतलात. एक तोंडात टाकलंत, आंबटानं तोंड वाकडं केलंत आणि हसता हसता रडायलाच लागलात. "नशीबवान आहेस गं," म्हणालात. मी मान डोलावली. मेलीनं मान डोलावली!

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. नंतर तुमच्या घरी आले तर तुमच्या बहिणीनं तुमच्या उशाजवळचा डबा दाखवला. अर्ध्याहून जास्त भरलेला. "संपवू नका, तिच्या गावचं आहे," असं बजावलं होतंत म्हणे.

मिस, ते गावचं नव्हतं हो. हे पत्र कादंबरीतच ठेवते आहे. मराठीत लिहिलंय. तुम्हाला वाचता आलं नसतं, म्हणूनच धीर झाला.