सुटा प्लग आणि सोडलेली सुतळी

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर बोललं की शेजारच्या खोलीत नानांना सगळं ऐकू जातं, आणि विषय नेमका त्यांचाच आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? तुमच्या बहिणीची तब्येत छान आहे, नववा लागलाय, हल्ली ती चालते कमी आणि हुकूम जास्त सोडते. नाना लेकीच्या बाळंतपणासाठी आल्यापासून ठणठणीत आहेत. हादरलोय तो मी एकटाच. दादा, तुमच्या वडिलांना इथून घेऊन जा. शक्य तितक्या लवकर!

झालं असं, की दवाखाना आमच्या घरापासून पाऊण तासावर, आणि मध्ये नऊ सिग्नल. वेळ आली की मी स्वतः गाडी काढून हिला सुखरूप पोचवणार, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगून बसलोय. म्हणून मागच्या रविवारी रंगीत तालीम केली. पिशवी भरली, घड्याळ लावलं, निघालो. तिसऱ्या सिग्नलला तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ! तुमची बहीण दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. आणि मला एक शब्द बोलली नाही. (ही! एक शब्द नाही! तुम्ही तिच्याबरोबर वाढलात, तुम्हाला कळेल मी का घाबरलो ते.)

दुसऱ्या दिवशी गॅरेज. आमचा गॅरेजवाला मोजकंच बोलतो, आणि मी गाडीतलं सगळं कळतं अशा थाटात बोलतो, त्यामुळे माझंच ऐकलं गेलं. मी म्हटलं कूलंट कमी असणार, त्याने कूलंट भरलं. मग मी म्हटलं रेडिएटरचं झाकण, ते बदललं. मग थर्मोस्टॅट (हा शब्द मला ऑफिसातल्या एकाने आदल्याच दिवशी शिकवला होता), तोही बदलला. गाडी तापायची ती तापतच राहिली. शेवटी त्याने हात पुसत विचारलं, साहेब, पळताना तापते की उभी असताना? मी म्हटलं, उभी असताना, सिग्नलला. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला शाळेतलं गणित आठवलं. पळत्या गाडीला वारा समोरून मिळतो, उभ्या गाडीला रेडिएटरमागचा पंखाच वारा घालतो. त्याने वाकून बघितलं, तर पंख्याचा प्लग उपसून बाजूला!

धक्क्याने निघाला असेल म्हणाला, बसवून दिला. मी पेढे वाटायचाच बाकी होतो. दोन दिवसांनी ऑफिसला जाताना पुन्हा वाफ, पुन्हा प्लग बाहेर. या वेळी त्याने सुतळीने करकचून बांधला. दुसऱ्याच दिवशी काय बघतो, तर प्लग बाहेर, सुतळीची गाठ अलगद सोडलेली, आणि सुतळीची छान गुंडाळी करून बॅटरीवर ठेवलेली! दादा, घातपात करणारा माणूस सुतळी जपून ठेवतो का हो? माझा संशय खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांवर गेला, गाडी लावण्यावरून आमची एकदा बाचाबाची झाली होती. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. (त्या भल्या माणसाने परवाच बाळासाठी पाळणा देऊ केलाय. कुठल्या तोंडाने घेऊ?)

आज दुपारी गॅरेजातून प्लग तिसऱ्यांदा बसवून आणला, गाडी लावली, जिना चढलो, किल्ली खिळ्याला अडकवली, आणि चष्मा गाडीतच राहिला म्हणून पाच मिनिटांनी किल्ली घ्यायला गेलो तर किल्ली नाही. खाली धावलो. बॉनेट उघडं, आणि आत डोकं घालून, बनियनवर, हाताला पंचा गुंडाळून कोण? तुमचे पिताश्री! मी धापा टाकत होतो. ते मात्र शांत. म्हणाले, "गाडीत चिटपाखरू नाही आणि आपला पंखा फिरतोय! दर वेळी मीच येऊन बंद करतो. तुम्हाला बोललो नाही, जावयाला काय बोलायचं?"

खोलीतून कुणी पाणी प्यायला उठलं तरी पंखा बंद करण्याचा तुमच्या घरचा नियम तुम्हाला मी काय सांगू! पण तो बॉनेटखालीही लागू आहे हे मला लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. गाडी बंद केल्यावरही इंजिन निवेपर्यंत तो पंखा फिरतच असतो, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण सासऱ्यांना काय बोलायचं? तेवढ्यात वर खिडकीतून हिने सगळं सांगितलं, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं. नाना प्लग परत बसवून वर गेले. तर दादा, माझं मूल चौथ्या सिग्नलला जन्माला यायच्या आत त्यांना न्या.

वहिनींना नमस्कार, पोरांचे कान माझ्या वतीने ओढा.

आपला,
घाबरलेला मेहुणा

ता. क. वरचं सगळं खोडलंय असं समजा, चार पानं पुन्हा लिहायचं त्राण नाही. नानांनी संध्याकाळी बॅग भरली. जेवले नाहीत. हिला एवढंच म्हणाले, "तू पायरीवर बसलीस ती माझ्यामुळे." त्यांचे डोळे भरले होते, दादा, मला बघवलं नाही. ते शेजारच्या खोलीत खोकत असले तरच हिला झोप लागते. त्यांना थांबवायची माझी प्राज्ञा नाही. तुम्ही फोन करा, रागवा, हवं तर तुमच्या घरी रंगकाम काढलंय म्हणून सांगा, पण तिकडे बोलावू नका.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं, दुसऱ्याच पहाटे निघावं लागलं. मुलगी झाली हे फोनवर कळलंच आहे. नऊच्या नऊ सिग्नल काटा जागचा हलला नाही, नाना मागून दर सिग्नलला विचारत होते, पंखा फिरतोय ना? बाळाला मऊ, धुऊन विरलेलं कापड लागतं म्हणून त्यांनी भरलेली बॅग उघडली आणि आपली धोतरं, सदरे, सगळं फाडून दुपटी केली. आता अंगावरच्या जोडीखेरीज त्यांच्याकडे काही नाही. तेव्हा एवढं करा, त्यांचे चार जोड कपडे पाठवा. स्वेटरही पाठवा, थंडीला अजून चार महिने आहेत.