नानांच्या कपाटातली मागची रांग

बाबू,
मी हॉस्पिटलात नानांकडे जातेय. रद्दीवाला आला तर त्याला आल्या पावली परत पाठव.

तू म्हणालास म्हणून नानांचं कपाट रिकामं करायला घेतलं, तर इतिहासाच्या जाडजूड पुस्तकांमागे आणखी एक रांग निघाली. तुझ्या कादंबऱ्या! अभ्यास सोडून वाचतोस म्हणून हिसकावून घेतलेल्या, आणि जाळून टाकल्या म्हणून सांगितलेल्या. एकही जाळलेली नाही रे. सगळ्यांना इतिहासाच्या पुस्तकांसारखीच जुन्या कॅलेंडरची कव्हरं घातलीत. आपल्यासमोर बसून वाचायचे, आणि नाना लढाया वाचताहेत म्हणून आपण घरभर दबक्या पावलांनी फिरायचो.

एका कादंबरीत मध्यावरच त्यांचा चष्मा सापडला. ‘चष्मा पुस्तकात राहिलाय’ असं ते परवापासून सांगताहेत, आणि आपण म्हणत होतो, तापात बरळताहेत.

चष्मा मी नेतेय, पण पुस्तक धरायचं बळ आता त्यांच्या हातात नाही. कादंबरी टेबलावर ठेवलीय, चष्मा होता त्या पानात कागद घातलाय. संध्याकाळी ती घेऊन ये. त्यांच्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तिथून पुढे नुसतं वाचून दाखव.

जेवण झाकून ठेवलंय.
ताई