नावांची अट

२ फेब्रुवारी १९८३, बुधवार

‘लातूरच्या विद्यार्थ्यांनो, आपल्याला जिल्हा मिळाला, पाणी मिळालं नाही.’ — उद्याच्या सभेची पहिली ओळ हीच. कलेक्टर कचेरीची पाटी रंगवून झाली, नळ कोरडेच.

गुरुबसप्पा आडत्यांनी वडिलांच्या नावे कॉलेजला रक्कम दिली आहे. दुष्काळात काम करणाऱ्या एका संस्थेला ती द्यायची, आणि संस्था आम्ही विद्यार्थ्यांनी ठरवायची. पाच जणांची समिती. मी आहे. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी सिंधुही आहे.

मागच्या दुष्काळात कागदावर माणसं जेवली, कागदावर जनावरं चरली. या वेळी होऊ देणार नाही.

३ फेब्रुवारी

बोलले. टाळ्या थांबेनात. अट मांडली — पैसा हवा त्या संस्थेनं आपल्याकडे येणाऱ्यांची नावं द्यावीत, गावासकट. ती कॉलेजच्या फळ्यावर लागतील. ‘उजेडात दिलेलं दानच खरं दान!’ हे वाक्य ऐन वेळी सुचलं. समितीचे चार हात वर. सिंधुचा खाली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "नावं नको मागू, नीला."

"का?"

"असंच."

‘असंच’ हे काय उत्तर झालं? तिकडे इस्लापूरहून इतक्या लांब शिकायला आली, पण चारचौघांत तोंड उघडायला शिकली नाही.

७ फेब्रुवारी, सोमवार

सिंधुचा उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार — निम्मा आठवडा देवांना वाटून टाकलाय. उपासाला मेसमध्ये खाडा धरतात, बिल तेवढं कमी येतं. मी म्हटलं, "सिंधे, तुझ्या या भक्तीनं देव जगतील, मेसवाली मरेल." हसली. तांब्याभर पाणी प्याली आणि देवळात म्हणून गेली.

किती वाचते ही मुलगी, आणि तरी हे.

१० फेब्रुवारी

समिती पाहणीला गेली. सिंधु आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

आधी रेवणप्पांची चारा छावणी. आम्हाला खुर्च्या, चहा. नावं टाइप करून तयार — शेतकरी, गाव, बैलाचा रंग. समितीतला बसवराज माझ्या कानाशी म्हणाला, "बैलांच्या सह्या तेवढ्या राहिल्या."

मग गोलाईच्या बाजारामागे कमलम्मांचं मोफत जेवणघर. पत्र्याची शेड, तीन दगडांची चूल. पंगतीत खडी फोडायला आलेली माणसं, म्हातारे, लेकुरवाळ्या बाया. भाकरी आणि पातळ डाळ. ज्वारीची कणगी तळाला गेलेली. "हा महिना निघंल," कमलम्मा म्हणाल्या, "पुढं चूल बंद." पैशाची गरज त्यांना आहे, हे आंधळ्यालाही दिसावं.

मी नावं मागितली. त्या थापता थापता थांबल्या.

"कुणाची गं तू? ताटावर बसली असतीस तर इचारलं नसतं. उभी हायेस म्हणून इचारते."

"उदगीरच्या माणिकप्पांची."

"मंग तुला ठावं पाहिजे. आपल्या लिंगायतांत ह्याला दासोह म्हणतात, सेवा. जेवणाऱ्याला नाव इचारलं की त्याचं दान होतंय, पोरी. दान म्या करीत न्हाई."

"नावांशिवाय पैसे मिळणार नाहीत, कमलम्मा."

"मंग न्हाई मिळायचे. जेवून जावा."

पाहणीला आलेल्यानं खाऊ नये, म्हणून मी खाल्लं नाही. बसवराजनं दोन भाकरी खाल्ल्या.

दासोह. हा शब्द मी किती भाषणांत वापरला आहे. हमखास टाळी येते.

१४ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. चारा छावणी. चार विरुद्ध एक. बसवराज हात वर करताना माझ्याकडे बघत नव्हता. मीच म्हणाले, नियम म्हणजे नियम. आज कमलम्मांसाठी वाकवला तर उद्या चोरांसाठी वाकेल. बरोबरच आहे ते.

सिंधु विरोधात. मी सर्वांसमोर विचारलं, "कारण सांग." ती फळ्याकडे बघत राहिली.

२२ तारखेला कार्यक्रम. गुरुबसप्पा स्वतः धनादेश देणार. भाषण माझं.

१७ फेब्रुवारी

सिंधुनं ट्रंक आवरायला काढली. महिनाअखेरीला गावी जाते म्हणे.

"आणि परीक्षा?"

"बघू."

घरचं कुणी आजारी का विचारलं. नाही म्हणाली. वर्गात पहिली येणारी मुलगी परीक्षेच्या तोंडावर ट्रंक बांधते आणि म्हणते, बघू! भांडले. ती भांडली नाही. गुरुवार होता, उपाशीच असणार.

१९ फेब्रुवारी

वारा. धूळ. भाषण जमत नाही.

२१ फेब्रुवारी, सोमवार

समितीचा निर्णय कळवायला दुपारी कमलम्मांकडे गेले. पंगत बसली होती. शेवटच्या ओळीत, भिंतीकडे तोंड करून, सिंधु. पुढ्यात भाकरी. आज सोमवार.

तिनं मान वर केली. मला पाहून घास तसाच हातात राहिला. कमलम्मांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. शेजारी एक ताट मांडलं. "बस, पोरी."

बसले. जेवले. निर्णय सांगितला नाही.

उद्या धनादेश हातात पडायच्या आधी उभी राहणार. लिहिलेलं भाषण फाडलं. एवढंच म्हणायचं — मित्रांनो, नावांची अट खोडा.

का, म्हणून विचारतील. सगळी सभा विचारेल.

असंच.