शेषरावांच्या मळ्यातली उतरण

१२ फेब्रुवारी

शेषरावांचा पानमळा मोडणार. बातमी पक्की – दुपारी खुद्द त्यांनीच फोनवर सांगितली. "ट्रॅक्टर सांगून ठेवला. पुढच्या हप्त्यात येते. फोटो घ्याचा असन तं पयलेच येऊन जा, मंग म्हनसान सांगतलं नाई!" आणि हसले.

अकोल्याला डेस्कवर शेखरला कळवलं. तो खूश. "सर, रविवारच्या पुरवणीला द्या. शेवटचा पानमळा! डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

बघू.

१४ फेब्रुवारी

जाऊन आलो. अंजनगावहून मोटारसायकलनं फार लांब नाही. एकेकाळी या गावात घरटी मळा होता. आता कुठं केळी, कुठं संत्रा, बाकी सगळं सोयाबीन. बऱ्याच विहिरींचं पाणी खारवलं, पान खाणारे तंबाखू-सुपारीच्या खर्‍याकडे वळले. उरला हा एक. आत शिरलं की भर दुपारी हिरवा अंधार. शेवग्याच्या झाडांवर चढलेल्या वेली, ओल्या मातीचा वास.

पाणी अजून गोड आहे, पानाला गिऱ्हाईकही आहे. अडलंय ते उतरणीवर. वर्षातून एकदा, उन्हं तापायच्या आत, वाढलेली वेल झाडावरून सोडवायची, वेटोळं करून मातीत पुरायची आणि शेंडा पुन्हा बांधायचा. त्यातून नवा फुटवा येतो. नाही उतरवली तर वेल संपली. शेषरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बसता येत नाही. जाणते गडी पुण्या-सुरतेला गेले. मुलगा योगेश वरूडला संत्र्याच्या पॅकिंगवर – त्याला यातलं काही येत नाही.

सून हर्षा चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "मामाजी, मी करतो ना उतरन. मले शिकवा."

"बाईमानसाचा पाय लागला का वेल बसते."

"आन नाई लागला तं काय उभी हाये? ट्रॅक्टरखाली चालली!"

या घरातली बाई मळ्यात जात नाही, हा नेम. पार्बताबाई, त्यांची बायको, लग्न झाल्यापासून फाटकाबाहेर बसून पानं निवडत आल्या. आजही तिथंच होत्या. हर्षाचं ऐकून पदराआड हसल्या.

१५ फेब्रुवारी

अर्धा लेख झाला. 'शेवटचा' हा शब्द चार वेळा आलाय. तीन काढले.

१७ फेब्रुवारी

हर्षाचा फोन. तेल्हाऱ्याकडून एक गडी आणलाय, उतरण येते म्हणतो. ट्रॅक्टर दोन दिवस थांबवला. बरं वाटलं! शेखरला म्हटलं, लेख थांबव. तो वैतागला. "सर, मळा मोडते का नाई ते एकदा पक्कं सांगा."

१८ फेब्रुवारी

गडी कपाशीची पऱ्हाटी उपटावी तशा वेली ओढत होता. एक अख्खी रांग पेरापेरांतून तुटली. शेषराव फाटकापाशी खुर्चीवर बसून ओरडत होते – "अबे, दोर हाये का तो? हळू! हळू!" उठायला गेले आणि पुन्हा खुर्चीत बसले. गड्याला परत पाठवलं.

तुटलेल्या रांगेतली पानं पार्बताबाईंनी बाहेर मागवून घेतली आणि निवडायला बसल्या. सवय!

निघताना त्या गाडीपर्यंत आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "भाऊ, एक सांगतो. लिहू नोका."

नाही लिहिणार म्हणालो. इथं लिहितोय, हे कुणी वाचणार नाही.

योगेश पोटात असताना शेषरावांना विषमज्वर झाला. ते अमरावतीला दवाखान्यात, सासरे थकलेले, उतरणीचे दिवस. "सासू म्हने, चाल. आमी दोघी पहाटीच शिरलो. सासरा फाटकावर राखन बसला. पुरा मळा उतरोला! गावात सांगतलं, अकोटचा गडी आनला होता." आणि वेल? "त्या सालाइतकं पान मंग कदी आलंच नाई, भाऊ."

मग शेषरावांना सांगा ना, म्हणालो. मान हलवली. "जनमभर त्याईनं पानमळेवाल्या मंडळीत छाती ठोकून सांगतलं, आमच्या मळ्यात बाई शिरली नाई. आता या वयात खोटं पाडू काय त्याईले?"

१९ फेब्रुवारी

दिवसभर बाजार समितीतल्या सोयाबीनची बातमी. लक्ष नव्हतं. ट्रॅक्टर उद्या.

मी तोंड उघडलं तर मळा वाचेल. पण शब्द दिलाय. आणि गोष्टही माझी नाही.

२० फेब्रुवारी

सकाळी हर्षाचा फोन. आवाज चढलेला. ट्रॅक्टर फाटकाशी आला, ड्रायव्हरनं विचारलं, "कोन्या बाजूनं घेऊ?" – आणि पार्बताबाई उठल्या. पदर खोचला. शेषरावांच्या समोरून, त्यांच्याकडे न बघता, मळ्यात गेल्या. पहिलीच वेल सोडवायला घेतली. मागोमाग हर्षाही शिरली.

"मामाजी काय म्हणाले?" मी घाबरतच विचारलं.

"पयले काहीच नाई. ट्रॅक्टरवाल्याले हातानंच म्हनलं, जाय. मंग खुर्ची आत न्याले लावली. मी गाठ बांधून राहिलो होतो, तं मले म्हनते, तुह्या हातची गाठ कसते, सासूच्या हाताकडे पाह. तवाबी तिनं अशीच सैल बांधली होती."

मग हर्षानंच विचारलं,

"भाऊ, तवा म्हंजे कवा?"

"सासूबाईंना विचार," म्हणालो.

निम्मा मळा रविवारपर्यंत उतरेल. फुटवा गुढीपाडव्याच्या सुमारास दिसावा, असा शेषरावांचा अंदाज.